एकच गुण उरला तरी वीर तितक्याच जोमाने का लढतो?

टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रे रंगवण्याच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला २०२४ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी त्याच्या नियमांची सुधारित आवृत्तीही आली. त्याआधीच्या वर्षी याच नियमांवर बेतलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकीय खेळाला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला. त्यामुळे आयुष्यात कधी वीस बाजूंचा फासा हातात न घेतलेले बरेच लोक या छंदाकडे वळले, आणि त्यातले बहुतेक जण पहिल्याच लढाईत एका ठिकाणी अडखळतात. राक्षसाच्या सोट्याचे तीन तडाखे खाऊन ज्याच्याकडे मार सोसण्याचे ४४ पैकी पाचच गुण उरले आहेत, तो योद्धा पहिल्या क्षणाइतक्याच ताकदीने तलवार चालवतो, धावतो, झेप घेतो. पुढचा तडाखा बसला की मात्र तो एकदम बेशुद्ध पडतो. आणि त्यातून वाचून रात्रभर निजला की सकाळी ठणठणीत होऊन उठतो. हे कसले शरीर, असा प्रश्न पडणे अगदी रास्त आहे. मात्र हा नियम शरीराचे मोजमाप करण्यासाठी लिहिलेलाच नाही, ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

खेळाची किमान ओळख

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक खेळाडू एकेका काल्पनिक पात्राच्या वतीने निर्णय घेतो, आणि एक जण ‘गेम मास्टर’ होतो, म्हणजे भोवतालचे जग, शत्रू आणि प्रसंग उभे करतो. ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकले जातात. पात्र किती मार सोसू शकते हे सांगणाऱ्या आकड्याला ‘हिट पॉइंट’ म्हणतात. या लेखात त्यांना नुसते गुण म्हटले आहे. मार बसला की गुण वजा होतात आणि शून्यावर पात्र कोसळते. अनुभव वाढून पात्र वरच्या पातळीवर गेले की त्याचे गुणही वाढतात.

हा आकडा आला कुठून?

या खेळाचे मूळ रणभूमीवरच्या छोट्या सैनिक-मूर्तींच्या युद्धखेळांत आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धाच्या नियमावलीत साधा सैनिक एका यशस्वी घावात मरत असे. तिच्या अद्भुतकथांसाठीच्या पुरवणीत ‘हिरो’ दर्जाचे पात्र मारायला चार मारक घाव एकाच वेळी बसावे लागत. तीनच बसले तर काहीही होत नसे. म्हणजे पात्र एकतर धडधाकट किंवा मेलेले, मधली अवस्था नाही.

डेव्ह आर्नेसन यांनी आपल्या ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक जगात हे नियम वापरून पाहिले तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. सैन्यातला एक मोहरा गेला तर कुणी हळहळत नाही, पण नाव, स्वभाव आणि इतिहास असलेले स्वतःचे पात्र एका फाशात गेले की खेळाडू हिरमुसतो. राक्षस आपल्या एका घावात मेला तर कुणाची हरकत नसे. राक्षसाच्या एका घावात आपण मेलो की मात्र तक्रार असे. आर्नेसन यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे त्यावरचा तोडगा त्यांनी स्वतःच्याच एका जुन्या नियमावलीतून उचलला, आणि ती होती अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या लढायांची. जहाज गोळ्यामागून गोळे झेलत राहते आणि एका हद्दीनंतर बुडते. तोच हिशेब माणसाला लावला गेला.

आर्नेसन आणि गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जखमांचा पात्रावर आणखी काही परिणाम होतो की नाही हे त्यांनी गेम मास्टरच्या मर्जीवर सोडले होते. आज नवख्यांना बुचकळ्यात पाडणारा प्रश्न कर्त्यांना तेव्हाच दिसला होता आणि त्यांनी तो जाणूनबुजून उघडा ठेवला, असे यावरून मला वाटते.

एक झुंज, अगदी जवळून

हा आकडा नेमके काय काम करतो हे एका उदाहरणात नीट दिसते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला, पाचव्या पातळीवरचा एक योद्धा घेऊ. त्याचे गुण ४४, आणि साखळीचे चिलखत व ढाल मिळून संरक्षण १८. समोर ‘ओगर’ हा धिप्पाड राक्षस आहे. तो वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात सहा मिळवतो आणि बेरीज १८ किंवा जास्त झाली तर सोटा लागतो. म्हणजे फाशावर १२ किंवा वरचा आकडा यायला हवा. सोटा लागला की आठ बाजूंचे दोन फासे टाकून त्यांच्या बेरजेत चार मिळवायचे. कमीत कमी सहा, जास्तीत जास्त वीस, सरासरी तेरा.

४४ गुणांवर योद्धा निर्धास्त असतो, कारण फाशावर नेमका वीस पडून नुकसानाचे फासे दुप्पट झाले तरी एका तडाख्यात ३६ पेक्षा जास्त गुण जाऊच शकत नाहीत. सरासरी तडाखा बसला तर ३१ उरतात आणि दुसरा बसला की १८. आता टेबलावरचे वातावरण बदलते. १८ गुण म्हणजे पुढचा साधा तडाखा त्याला पाडू शकतो, पण त्यासाठी दोन फाशांची बेरीज १४ किंवा जास्त यावी लागेल, आणि तसे ६४ पैकी सहाच प्रकारे घडते. धोका आहे, पण पत्करण्याजोगा आहे. तिसरा तडाखा बसून पाच गुण उरले की शक्यता-बिक्यता सगळे संपते: ओगरचा सर्वांत दुबळा तडाखाही सहाचा असतो, तेव्हा पुढचा सोटा लागला की योद्धा पडणार हे नक्की.

या सबंध काळात योद्ध्याची तलवार, वेग किंवा नेम यांत तसूभरही फरक पडलेला नाही. बदलले आहेत ते त्याच्या खेळाडूसमोरचे पर्याय. मोबाइलच्या बॅटरीचेही असेच असते: शंभर टक्क्यांवर असो वा तीन टक्क्यांवर, बोलणे तितकेच स्पष्ट ऐकू येते, पण तीन टक्के दिसल्यावर आपण फोन कुणाला आणि किती वेळ करायचा याचा विचार करू लागतो. गुणांचे काम इतकेच आहे: अजून किती वेळ धोका पत्करता येईल हे खेळाडूला आगाऊ कळवणे.

मग प्रत्येक तडाख्यात शरीराला होते तरी काय?

गायगॅक्स यांनीच याचे उत्तर १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये दिले आहे. दहाव्या पातळीवरच्या एका योद्ध्याचे गुण प्रकृतीचा लाभ धरून ८५ होतात असे उदाहरण घेऊन ते म्हणतात की एवढा मार चार प्रचंड युद्धअश्वांना लोळवायला पुरेसा असतो, आणि कोणताही माणूस, मग तो कितीही अचाट असो, शरीराने इतके सोसतो असे मानणे हास्यास्पद आहे. म्हणून या गुणांतला थोडाच भाग हाडामांसाचा. बाकीचा कौशल्याचा, नशिबाचा आणि दैवी किंवा जादुई पाठबळाचा. मुरलेला लढवय्या तोच घाव शेवटच्या क्षणी अंग चोरून ओरखड्यावर निभावतो, आणि त्या धडपडीची किंमत गुणांनी मोजतो. २०१४ च्या आवृत्तीनेही शारीरिक व मानसिक चिवटपणा, जगण्याची इच्छा आणि नशीब यांचे मिश्रण अशीच व्याख्या केली.

पण हे स्पष्टीकरण सगळीकडे लागू पडते का?

पडत नाही, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केलेले बरे. पहिला आक्षेप उंचावरून पडण्याचा. पाचव्या आवृत्तीत दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, आणि जास्तीत जास्त वीस फासे असे नुकसान होते. म्हणजे कमाल १२० गुण, सरासरी ७०. ज्या पात्राकडे १२१ गुण आहेत ते दोनशे फूट उंचीच्या कड्यावरून उडी मारून हमखास जिवंत राहील, आणि खेळाडूला ते उडी मारण्यापूर्वीच ठाऊक असेल. इथे अंग चोरण्याचे कौशल्य कुठून आणणार?

दुसरा आक्षेप बरे करण्याच्या मंत्रांचा, आणि मला तो जास्त वजनदार वाटतो. जुन्या आवृत्त्यांत किरकोळ जखमा भरणारा मंत्र आठ बाजूंच्या एका फाशाइतके गुण परत देई. आठ गुणांच्या नवशिक्याला तोच मंत्र मरणाच्या दारातून पूर्ण बरा करू शके, आणि ऐंशी गुणांच्या महारथीच्या बाबतीत मात्र खरचटलेले पुसल्याइतकाच उपयोगी पडे. गुण जर मुख्यतः नशीब आणि कौशल्य असतील, तर महारथीचे हाडामांस नवशिक्याइतकेच आहे. मग मंत्र त्याला इतका कमी का लागू पडावा? २००८ च्या चौथ्या आवृत्तीने यावर नेटका उपाय काढला: तिथे उपचाराचा एक हप्ता म्हणजे त्या पात्राच्या एकूण गुणांचा चौथा हिस्सा, मग पात्र लहान असो की मोठे. त्याच आवृत्तीत ‘वॉरलॉर्ड’ हा सेनानी नुसत्या धीराच्या शब्दांनी साथीदारांना गुण परत मिळवून देई, आणि ओरडून जखमा भरतात काय, अशी टीका त्यावर झाली. मला ती टीका अर्धवट वाटते. गुणांत जगण्याची इच्छा धरली असेल तर हुरूप देणाऱ्या हाकेने ती परत यावी यात विसंगत काहीच नाही. विसंगती आहे ती त्याच गुणांना दुसऱ्या वाक्यात जखम म्हणण्यात. १९७४ पासून हा खेळ दोन्ही अर्थ एकाच आकड्यात भरत आला आहे, आणि नियमांचे बरेचसे वाद तिथूनच उपजतात.

जखम झाल्यावर पात्र दुबळे का करत नाहीत?

असे करणारे खेळ आहेत, आणि ते जुनेही आहेत. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये वेगळे गुणच नव्हते, मार थेट ताकद, चपळाई आणि दम या तीन क्षमतांतून वजा होई, त्यामुळे जखमी माणूस आपोआप अशक्त होई. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने घाव डोक्यावर बसला, हातावर की पायावर हे फाशाने ठरवले आणि प्रत्येक अवयवाला स्वतंत्र गुण दिले, शिवाय अनुभवाने गुण फुगत नसल्यामुळे कसलेला योद्धाही एका चांगल्या घावात पाय गमावू शके. १९९१ च्या ‘व्हँपायर: द मास्करेड’मध्ये खरचटल्यापासून निकामी होण्यापर्यंत सात पायऱ्या होत्या, आणि खाली उतरावे तसे प्रत्येक कृतीसाठी मिळणारे फासे एक, दोन आणि शेवटी पाचने कमी होत.

हे सगळे वास्तवाला धरून आहे. अडचण अशी की ज्याला पहिला घाव बसतो त्याचा नेम चुकू लागतो. नेम चुकला की शत्रू टिकतो, शत्रू टिकला की दुसरा घाव बसतो, आणि मग नेम आणखी बिघडतो. या घसरणीला छंदातले लोक ‘डेथ स्पायरल’ म्हणतात. लढाईचा निकाल दुसऱ्या फेरीतच लागलेला असतो आणि हरणाऱ्याने उरलेला अर्धा तास नुसते फासे टाकत बसायचे असते. अवयवांच्या हिशेबाला वेळ लागतो तो वेगळाच.

म्हणून हे नियम वाईट ठरत नाहीत. त्यांचा संदेश निराळा आहे: शक्यतो लढूच नका. ‘रूनक्वेस्ट’ खेळणारे वाटाघाटी, दबा धरणे आणि पळून जाणे यांचा विचार आधी करतात, कारण नियमांनी त्यांना तसे शिकवलेले असते. ‘गर्प्स’ या खेळाने या दोन टोकांमध्ये एक चतुर वाट काढली. तिथे मार बसताच पात्राचा नेम बिघडतो, पण जास्तीत जास्त चारने आणि फक्त पुढच्या एका खेळीपुरता. गुण एक तृतीयांशाच्या खाली गेले की मात्र वेग निम्मा होतो. वेदना क्षणिक आणि दुर्बलता उशिरा, अशी ही विभागणी मला आजही सर्वांत पटणारी वाटते, जरी तिचा हिशेब ठेवणे हे काही सोपे काम नाही.

एकाच आकड्याचे दोन का करत नाहीत?

तेही झाले आहे. २००० साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या रोलप्लेइंग गेममध्ये चुकवण्याच्या दमाचे गुण वेगळे आणि खऱ्या जखमांचे वेगळे होते, पहिले पातळीबरोबर वाढत, दुसरे नाही, आणि फाशाचा जबरदस्त घाव पहिल्यांना वळसा घालून थेट दुसऱ्यांवर पडे. हिशेब तर्काला धरून होता, पण त्याचा परिणाम असा की दुय्यम शत्रूच्या एका नशीबवान फाशाने नायक आडवा होऊ शके, म्हणजे ज्या तक्रारीतून गुणांचा जन्म झाला तीच तक्रार मागच्या दाराने परत आली. ‘इन्टू द ऑड’ या छोटेखानी खेळाने तीच कल्पना अगदी नागडी करून मांडली: तिथे नेम चुकतच नाही, प्रत्येक हल्ला लागतो, आधी थोडेसे संरक्षण संपते आणि उरलेला मार थेट ताकदीतून जातो. नियम अर्ध्या पानाचा, आणि ‘गुण म्हणजे काय’ हा वाद तिथे उद्भवतच नाही.

आकड्याऐवजी शब्द

गेल्या काही वर्षांतल्या खेळांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. २०१३ च्या ‘फेट कोअर’मध्ये किरकोळ ताण चौकटींत मावतो आणि झुंज संपली की पुसला जातो. त्यापलीकडचा मार झेलायचा तर पात्राच्या कागदावर जखम शब्दांत लिहून घ्यावी लागते: ‘मुरगळलेला घोटा’ दोनचा मार पचवतो, ‘खोल भाजलेला हात’ चारचा, ‘मोडलेली मांडी’ सहाचा. पुढे शत्रू त्या शब्दांचा फायदा उठवू शकतो. म्हणजे जखम खोळंबून राहते आणि कथेला गरज असेल तिथे बोचते; प्रत्येक फाशातून निमूटपणे वजा होत राहत नाही. हरण्याआधी स्वतःहून माघार घेतली तर खेळाडूला मोबदल्यात पुढे उपयोगी पडणारा एक ‘फेट पॉइंट’ मिळतो, आणि पकडले गेलो की निसटलो हे ठरवण्यात त्याचा आवाज राहतो.

‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये तर गेम मास्टर आधी परिणाम जाहीर करतो, समजा ‘बरगड्यांत सुरा’, आणि तो मान्य करायचा की रेटून हलका करायचा हे खेळाडू ठरवतो. रेटायचे तर ताण वाढतो. किती, ते सहातून फाशावरचा सर्वांत मोठा आकडा वजा करून. ताणाच्या नऊ चौकटी भरल्या की मनावर कायमचा घाव राहतो आणि असे चार घाव झाले की पात्र धंद्यातून निवृत्त होते. मनाच्या इजेचा हिशेब ‘कॉल ऑफ कथुलू’ने १९८१ मध्येच सुरू केला होता, तिथे भयानकाचे दर्शन झाले की विवेकाचे गुण जातात आणि ते परत मिळवणे शरीराच्या गुणांपेक्षा अवघड असते.

सगळा भार गेम मास्टरवरच का सोडू नये?

आकडे इतके कृत्रिम असतील तर गेम मास्टरने ‘आता तुला बरेच लागले आहे’ एवढे म्हटले तरी पुरेल, असे काहींना वाटते. एकमेकांना चांगले ओळखणाऱ्या गटात ते चालतेही. पण कुणाचे पात्र मरावे हा निर्णय एका माणसाच्या जिभेवर ठेवला की त्याच्याकडे पक्षपाताचा संशय येतो, आणि तो भला असेल तर कुणालाच मरू देत नाही. आकडा सगळ्यांसमोर घटत गेला की हरणाऱ्यालाही निकाल पचतो. शून्यावर आल्यावरही पाचवी आवृत्ती हाच उघडेपणा पाळते: दर खेळीला वीस बाजूंचा फासा, दहा किंवा वर आले तर यश, तीन यशांनी पात्र स्थिरावते, तीन अपयशांनी मरते. साथीदारांना धावून जायला किती अवधी उरला आहे हे टेबलावर सर्वांना दिसत असते.

बरे होण्याचा वेग

मार कसा बसतो यावर लोक तासन्तास वाद घालतात, पण खेळाचा पोत ठरतो तो गुण किती वेगाने परत येतात यावर. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये दिवसभराच्या विश्रांतीने एक गुण परत मिळे. तीस गुण गमावलेला योद्धा आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राही. तोवर शत्रू सावध होई, पैसा संपे, ऋतू पालटे, आणि मंत्राने बरे करणाऱ्या साथीदाराला सोन्याचे मोल येई. २०१४ मध्ये आठ तासांच्या दीर्घ विश्रांतीने सगळे गुण परत येऊ लागले. त्यामुळे साहस दिवसाच्या मापात मोजले जाऊ लागले: आज किती झुंजी झेपतील, आणि कुठे थांबून मुक्काम टाकायचा. एका गटाला पहिली पद्धत रटाळ वाटेल आणि दुसऱ्याला दुसरी पोरकट. दोघांचेही म्हणणे आपापल्या खेळापुरते बरोबर असते.

वर्णन करताना काय सांभाळावे?

पाचव्या आवृत्तीत यासाठी कामाची सूचना आहे. निम्मे किंवा त्याहून जास्त गुण असतील तर अंगावर दिसेल अशी खूण नसते. त्याखाली गेले की खरचटणे, काप आणि वळ दिसू लागतात. शून्यावर नेणारा घाव मात्र थेट लागतो. ही पट्टी धरून बोलले तर पहिल्याच तडाख्याला ‘तुझी बरगडी मोडली’ असे म्हणण्याची आणि दुसऱ्या सकाळी ती बरगडी कुठे गेली याचा खुलासा करत बसण्याची वेळ येत नाही. एका ठिकाणी मात्र ही पट्टी सोडावी लागते, ते म्हणजे विषारी शस्त्र. तिथे घाव ढालीवर निभावला असे सांगितले आणि लगेच विषासाठी फासा टाकायला लावला तर खेळाडू हटकणारच. गुण कितीही शिल्लक असले तरी त्या टोकाने त्वचेवर रेघ ओढली, एवढे तरी सांगायलाच हवे.